बातमीच्या प्रतीक्षेतला बंदिवास

१९३४ च्या ऑगस्टमध्ये डेहराडूनच्या तुरुंगातून जवाहरलाल नेहरू यांची अचानक तात्पुरती सुटका झाली. कारण राजकीय नव्हते. अलाहाबादेत कमला नेहरू यांची प्रकृती गंभीर झाली होती. अकराच दिवसांत त्यांना पुन्हा अटक होऊन नैनीच्या तुरुंगात नेण्यात आले. सुरुवातीचे काही दिवस डॉक्टरांचा अहवाल रोज हाती पडे. मग तो एकाएकी बंद झाला. आनंद भवन अवघ्या काही मैलांवर होते. पण तिथली खबर भिंतीआड पोहोचत नव्हती.

१ ऑगस्ट १८९९ रोजी दिल्लीतील कौल कुटुंबात जन्मलेल्या कमलाजी १९१६ मध्ये विवाहानंतर नेहरूंच्या पाश्चात्त्य वळणाच्या घरात आल्या. १९१७ मध्ये इंदिरेचा जन्म झाला. १९२४ मध्ये जन्मलेला मुलगा मात्र काही दिवसांतच दगावला. पुढे क्षयाने त्यांना ग्रासले. १९२६ मध्ये उपचारांसाठी त्यांना जिनिव्हाला नेण्यात आले. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. तोपर्यंत विश्रांती, सकस आहार आणि डोंगरातील स्वच्छ हवा यांवर वैद्यांची मोठी भिस्त होती. अशा प्रकृतीतही कमलाजी १९३० च्या सत्याग्रहात आघाडीवर राहिल्या आणि १ जानेवारी १९३१ रोजी तुरुंगात गेल्या.

म्हणूनच १९३४ च्या ऑक्टोबरमधील त्यांचा निर्णय अनपेक्षित म्हणता येणार नाही. शिक्षेचा उरलेला काळ राजकारणापासून दूर राहण्याची हमी दिल्यास नेहरूंना सोडले जाईल, असे सूचित करण्यात आले होते. पत्नीच्या उशाशी बसण्याची ती संधी होती. मात्र भेटीच्या वेळी, तापाने ग्लानी आलेल्या अवस्थेत, कमलाजींनी पतीला जवळ बोलावून अशी हमी देऊ नये, असे हलक्या आवाजात बजावले.

त्यानंतर कमलाजींना कुमाऊँच्या डोंगरातील भोवाली येथील आरोग्यधामात, तर नेहरूंना अल्मोड्याच्या तुरुंगात हलविण्यात आले. अधूनमधून भेटीची परवानगी मिळे. दोन भेटींमधल्या काळात नेहरू आत्मचरित्र लिहीत होते. १९३५ च्या मे महिन्यात कमलाजी युरोपला रवाना झाल्या आणि भोवालीच्या भेटीही थांबल्या. आता बातमी सातासमुद्रांपलीकडून यायची होती.

ती आली सप्टेंबरमध्ये. जर्मनीतील बाडेनवायलर येथे कमलाजी अत्यवस्थ असल्याचे कळल्यावर ४ सप्टेंबर १९३५ रोजी, मुदतीपूर्वी साडेपाच महिने, नेहरूंची सुटका झाली. विमानाने ते तातडीने पोहोचले. प्रकृती कधी सुधारे, कधी खालावे. पुढे कमलाजींना स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हलविण्यात आले. दरम्यान नेहरूंची काँग्रेसच्या अध्यक्षपदी निवड झाली होती आणि मायदेशी परतण्याचा दिवसही ठरला होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी तो पुढे ढकलला. २८ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे, वयाच्या ३६ व्या वर्षी, कमलाजींनी अखेरचा श्वास घेतला. त्या वेळी पती आणि कन्या दोघेही जवळ होते.

अस्थी घेऊन परतताना नेहरूंनी बगदादहून लंडनच्या प्रकाशकाला तार केली आणि आत्मचरित्र दिवंगत पत्नीला अर्पण केले. सत्याग्रहाच्या काळात जखमींसाठी स्वराज भवनात चालविलेल्या दवाखान्याशी कमलाजींचा निकटचा संबंध होता. त्याच कार्याची आठवण म्हणून अलाहाबादेत, आजच्या प्रयागराजमध्ये, त्यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. १९३९ मध्ये त्याची कोनशिला महात्मा गांधींनी बसविली होती.