गोलंदाज पालवणकर बाळू

मुलांनो, बोईसर किंवा पालघरहून तुम्ही गाडीने चर्चगेटला गेला आहात का? चर्नी रोड स्टेशन मागे पडले, की उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला मोठी मैदाने दिसतात. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि पारशी जिमखाना अशी त्यांची नावे आहेत. तुम्ही ज्या रेल्वेने जाता, तिला आज आपण पश्चिम रेल्वे म्हणतो. १९५१ पूर्वी तिचे नाव बी. बी. अँड सी. आय. रेल्वे असे होते. शंभर वर्षांपूर्वी या रेल्वेत एक कर्मचारी होता. नोकरी सांभाळून तो क्रिकेट खेळे. त्याची गोलंदाजी पाहायला मुंबईत हजारो लोक जमत. त्याचे नाव पालवणकर बाळू. आज त्याचीच गोष्ट वाचू या.

बाळूंचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे. म्हणून आडनाव पालवणकर. त्यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला आणि बालपण पुण्यात गेले. वडील लष्करात नोकरी करत. हे कुटुंब चर्मकार समाजाचे होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवू नये असा. विहिरीवर पाणी भरायला मनाई, देवळात जायला मनाई, इतरांच्या पंगतीत बसायला मनाई. अशा दिवसांत बाळू लहानाचे मोठे झाले.

शाळा लवकर सुटली. घराला हातभार लावण्यासाठी बाळूंनी पुण्यातील पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर नोकरी धरली. पगार महिना ३ रुपये. काम काय, तर मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायचा. पुढे ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये लागले. तेथे जाळी बांधायची, पट्टे आखायचे, अशी कामे त्यांच्याकडे होती. हळूहळू साहेब लोक त्यांना सरावासाठी चेंडू टाकायला सांगू लागले.

बाळू डाव्या हाताने चेंडू टाकत. चेंडूचा वेग कमी असे, पण तो हवेत फसवी वळणे घेई आणि टप्पा पडताच वळे. समोरचा फलंदाज गोंधळून जाई. ग्रेग नावाचे एक इंग्रज फलंदाज फार नामांकित होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन्तास चेंडू टाकून घेत. असे सांगतात, की बाळूंनी बाद केले, की ते त्यांना प्रत्येक वेळी आठ आणे देत. या सरावाने ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजीही धारदार झाली. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. इतकी वर्षे चेंडू टाकूनही त्या क्लबमध्ये बाळूंच्या हाती कोणी कधी बॅट दिली नाही.

पुण्यातील हिंदू संघाला इंग्रजांशी सामना खेळायचा होता. बाळूंसारखा गोलंदाज साऱ्या शहरात नव्हता. पण त्यांना संघात कसे घ्यायचे? काही सभासद तयार होते, काहींचा विरोध होता. शेवटी बाळूंना घेतले. ते बळी घेऊ लागले आणि संघ जिंकू लागला. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली, की मात्र इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे. मुलांनो, विचार करा. बाळूंनी मिळवलेला विजय सर्वांना चालत होता, त्यांच्या शेजारी बसणे मात्र चालत नव्हते!

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पोटापाण्यासाठी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळले. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही चांगले खेळाडू झाले.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघ आणि युरोपियन संघ यांचा मोठा सामना झाला. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियन संघ पहिल्या डावात १९१ धावांवर बाद झाला. दुसऱ्या डावात तर बाळू आणि त्यांच्या साथीदारांनी त्याला १०२ धावांतच गुंडाळले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. देशावर इंग्रजांचे राज्य असताना मिळालेला हा विजय होता. त्यामुळे लोकांना केवढा आनंद झाला असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता. मुंबईच्या जिमखान्यात आता बाळू इतरांबरोबर बसून जेवू लागले. चेंडूने एक भिंत थोडी हलवली होती.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. या संघात हिंदू, मुसलमान आणि पारशी असे सर्व खेळाडू होते. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार होते. संघाला बहुतेक सामन्यांत हार पत्करावी लागली. परंतु बाळूंनी कमाल केली. साऱ्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. लेस्टरशायर संघाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात ११ गडी बाद केले आणि तो सामना हिंदुस्थानने जिंकला. तेव्हा ते पस्तिशीच्या घरात होते. परत आल्यावर मुंबईत त्यांचा मोठा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही बाळूंचा अभिमान वाटे.

१९१२ पासून मुसलमान संघही मुंबईच्या स्पर्धेत उतरला. आता हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ झाले. हिंदू संघात बाळू सर्वांत अनुभवी होते. म्हणजे कर्णधारपदावर त्यांचाच हक्क होता. पण वर्षांमागून वर्षे गेली, तरी ते पद त्यांना मिळाले नाही. कारण एकच होते, त्यांची जात. संघाचे कर्णधार एम. डी. पै हे दिलदार गृहस्थ होते. हा मान खरे तर बाळूंना मिळायला हवा होता, असे त्यांनी आपल्या सत्काराच्या वेळी सर्वांसमोर सांगितले.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला साफ नकार दिला. जातीमुळे आमचा अपमान होतो, हे त्यांनी जाहीरपणे कळवले. लोकांमध्ये बरीच चर्चा झाली. शेवटी अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावले आणि बाळूंना उपकर्णधार केले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला कर्णधारपद आले ते इतकेच!

पण बाळूंची मेहनत वाया गेली नाही. १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघ जिंकलाही. जो दरवाजा थोरल्या भावाने इतकी वर्षे ठोठावला, तो धाकट्यासाठी उघडला.

खेळ थांबल्यावर बाळू सार्वजनिक कामात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली ते मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि हरले. दोघांचे मार्ग वेगळे झाले होते, पण माणसाला माणूस म्हणून मान मिळावा, असे दोघांनाही वाटत होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यांनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी घेतले होते.

मुलांनो, तुम्हीही गावच्या मैदानावर क्रिकेट खेळत असाल. पालघरच्या शार्दूल ठाकूरने गाडीने मुंबईला जाऊन सराव केला आणि तो भारताकडून खेळला, हे तुम्हाला माहीत असेलच. आज संघ निवडताना कोणी जात विचारू नये, असा आपला कायदा सांगतो. कायदा संविधानात लिहिलेला आहे, पण तो मैदानावर आणणे तुमच्या हाती आहे. उद्या दोन संघ पाडाल, तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला मुलगा कोण आहे, ते पाहा. त्याला नुसते चेंडू आणायला पाठवू नका. त्याच्या हाती बॅटही द्या.