बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे भारतीय क्रिकेटपटू होते. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून त्यांची ख्याती होती. समकालीन धावफलकांवर त्यांचे नाव ‘पी. बाळू’ असे आढळते. १९११ साली इंग्लंडला गेलेला भारतीय संघ बहुतेक सामने हरून परतला. त्या पराभूत संघातील सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिघे धाकटे बंधूही नामवंत क्रिकेटपटू होते.

प्रारंभिक जीवन

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. ते चांभार समाजातील होते आणि त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानले जाई. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व शिवराम क्रिकेट शिकले.

पुण्यातील पारशी क्लबात मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम ही बाळूंची पहिली नोकरी होती. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये पगारावर गेले. तेथे सरावाच्या जाळीत ते साहेबांना गोलंदाजी करू लागले. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केल्यास ग्रेग प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर ग्रेग यांना आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटत होता. तासन्‌तास चालणाऱ्या या सरावातून बाळूंची गोलंदाजी घडली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही. बॅट साहेबांची आणि चेंडू चाकराचा, अशी ती विभागणी होती.

युरोपियनांशी सामने खेळणाऱ्या पुण्याच्या हिंदू क्लबाला अशा गोलंदाजाची गरज होती, पण त्याला संघात घ्यावे की नाही यावर सभासदांत दुफळी माजली. काही तेलुगू सभासद अनुकूल, तर अनेक स्थानिक ब्राह्मण प्रतिकूल होते. शेवटी बाळू संघात आले, तेही निम्मेच म्हणावे लागेल. मैदानावर सर्व जण त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या टाकाऊ भांड्यात चहा मिळे आणि जेवणाची पंगतही निराळी असे. पुढे सातारा येथील युरोपियन संघावर मिळवलेल्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. न्या. महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी त्यांचा जाहीर गौरव केल्याची नोंद मिळते.

मुंबईतील कारकीर्द

पुण्यातील प्लेगमुळे १८९६च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले. बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पुढे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेतही त्यांनी नोकरी केली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी मिळवलेला विजय देशभर गाजला. हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. बाळू आणि शिवराम सवर्ण खेळाडूंच्या बरोबरीने खेळून जिंकले, याचेही सुधारक मंडळींनी विशेष कौतुक केले.

१९११चा इंग्लंड दौरा

सर्व धर्मांचे खेळाडू असलेला भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला तो १९११च्या उन्हाळ्यात. पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडूंच्या या संघाचे कर्णधारपद पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. ते वर्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभाचे. मेजवान्या व दरबारी भेटीगाठींत गुंतलेले महाराज मोजकेच सामने खेळले. शिवाय संघातील उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हे महाराजांचे चिटणीस असल्याने तेही बहुतेक सामन्यांना उपलब्ध नव्हते. बिनकर्णधाराचा आणि आघाडीच्या फलंदाजाविना खेळणारा हा संघ अनोळखी हवामानात, अनोळखी खेळपट्ट्यांवर इंग्लिश परगण्यांच्या व्यावसायिक खेळाडूंपुढे उभा राहिला.

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागले. एकूण २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत तर १० पराभव आणि केवळ २ विजय. निकालांचा तक्ता एवढाच पाहिला तर हा दौरा विसरून जाण्याजोगा ठरेल. गोलंदाजीच्या रकान्यातील चित्र वेगळे आहे. पस्तिशीत असलेल्या बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांत, प्रत्येकी सुमारे २० धावांच्या मोबदल्यात. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. आपल्या फलंदाजांनी पुरेशा धावा केलेल्या नसताना ही कामगिरी झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला प्रतिपक्षाचा दुसरा डाव पुष्कळदा मिळतच नाही.

दोन विजयांतही पालवणकर बंधूंचा हात होता. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी सामन्यात ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्धचा सामना भारतीयांनी अवघा एक गडी राखून जिंकला, तो शिवराम यांच्या नाबाद शतकाच्या बळावर.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे.

कर्णधारपदाचा प्रश्न

१९१२पासून मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. संघातील सर्वांत अनुभवी व यशस्वी खेळाडू असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच देण्यात आले नाही. ते दरवेळी सवर्ण खेळाडूकडे जाई. १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्वासाठी विठ्ठल यांचाही विचार झाला नाही, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेऊन जाहीर पत्रक काढले. लोकमत त्यांच्या बाजूने गेले. अंतिम सामन्यासाठी दोघे बंधू परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार एम. डी. पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाचे नेतृत्व त्यांनी केले. त्यांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र या भावंडांविषयीचे महत्त्वाचे साधन आहे.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले; सरासरी १५.२१.

राजकारण व अखेर

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचा डॉ. आंबेडकरांशी मतभेद होता. १९३२च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत दोघांचीही नावे आहेत. त्यानंतर हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी लढवली व गमावली. १९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. मानपत्र लिहिणारा आणि ते स्वीकारणारा असे पाव शतकानंतर समोरासमोर आले होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझ येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.