६४,००० माणसांच्या कॉम्प्युटरचं स्वप्न बघणारा लुईस फ्राय रिचर्डसन

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी ब्लेंडरमध्ये एका मिनिटाचं ॲनिमेशन केलं होतं. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे एकूण १,४४० फ्रेम्स. माझा पीसी एका फ्रेमला २ मिनिटं घ्यायचा. हिशोब केला तर ४८ तास! म्हणून घरातला जुना लॅपटॉपही कामाला लावला आणि अर्ध्या फ्रेम्स त्याला दिल्या. पण लॅपटॉपला एका फ्रेमला ४ मिनिटं लागत होती. ७२० गुणिले ४ मिनिटं, म्हणजे परत ४८ तासच. दोन मशीन लावून फायदा शून्य.

हा घोळ कसा टाळायचा, हे एका माणसाने १९२२ मध्येच लिहून ठेवलं होतं. तेव्हा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर अस्तित्वातच नव्हता.

लुईस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे झाला. सात भावंडांमध्ये ते सगळ्यात धाकटे. घर क्वेकर पंथाचं, त्यामुळे युद्धाला विरोध हा लहानपणापासूनचा संस्कार. केंब्रिजमधून १९०३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी धरणाच्या भिंतीवर येणाऱ्या ताणाचं गणित सोडवलं. त्यांची पद्धत साधी होती: एक अवघड समीकरण घ्यायचं, त्याचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाची बेरीज-वजाबाकी करायची. हेच हवामानाला लावलं तर?

१९१३ मध्ये ते ब्रिटिश हवामान खात्यात आले आणि स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युअर वेधशाळेचे प्रमुख झाले. पण पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. बंदूक हातात घ्यायची नाही, पण घरी बसून राहायचं हेही त्यांना पटेना. १९१६ मध्ये त्यांनी चांगली नोकरी सोडली आणि फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिकांना नेणारी ॲम्ब्युलन्स चालवायला गेले.

तिथे फावल्या वेळात, गवताच्या ढिगावर बसून त्यांनी हातानेच जगातला पहिला आकडेमोडीचा हवामान अंदाज काढला. २० मे १९१० या जुन्या तारखेच्या नोंदी घेऊन युरोपातल्या एका भागात ६ तासांत काय बदल होईल, एवढंच शोधायचं होतं. त्याला जवळपास सहा आठवडे लागले. १९१७ मध्ये लढाईच्या गडबडीत हस्तलिखितच हरवलं. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं!

आणि उत्तर? साफ चुकलं. गणितानुसार हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. मूळ वाऱ्याच्या नोंदींमध्ये गडबड होती. दुसऱ्या कुणी हे कागद लपवले असते. रिचर्डसन यांनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात ही चूक आकड्यांसकट छापली.

त्याच पुस्तकात त्यांनी एक कल्पना मांडली. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. एक अवाढव्य गोल नाट्यगृह, भिंतींवर जगाचा नकाशा आणि आत ६४,००० माणसं. प्रत्येकाकडे जगाच्या एका तुकड्याचं थोडंसं गणित. आपलं उत्तर शेजाऱ्याला दिसावं म्हणून प्रत्येकासमोर प्रकाशित पाटी, म्हणजे आजच्या भाषेत नेटवर्क. मधोमध उंच खांबावर एक प्रमुख. जो भाग पुढे पळतोय त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकणार, मागे पडलेल्यावर निळा.

माझ्या सेटअपमध्ये हा प्रमुखच नव्हता!

हे पुस्तक येण्याआधीच हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं होतं. लष्कराच्या छत्राखाली काम नको म्हणून रिचर्डसन यांनी पुन्हा नोकरी सोडली. ते शिक्षक झाले, नंतर पेस्ली इथल्या टेक्निकल कॉलेजचे प्राचार्य. उरलेलं आयुष्य त्यांनी युद्धं का होतात याचं गणित मांडण्यात घालवलं. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक कॉम्प्युटरवर २४ तासांचा अंदाज काढला गेला. त्याला साधारण २४ तासच लागले. ते निकाल रिचर्डसन यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांना मनापासून आनंद झाला. ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमध्ये त्यांचं निधन झालं.

आता माझ्या रेंडरकडे येऊ. फ्रेम्स आधीच अर्ध्या-अर्ध्या वाटू नका. सगळ्या फ्रेम्स एका रांगेत ठेवा आणि जे मशीन मोकळं होईल त्याला पुढची फ्रेम द्या. पीसी तासाला ३०, लॅपटॉप तासाला १५, मिळून ४५. १,४४० भागिले ४५ म्हणजे ३२ तास. तब्बल १६ तास वाचले! ब्लेंडरसाठी फ्लॅमेंको हे फ्री सॉफ्टवेअर हेच करतं. फक्त सगळ्या मशीनवर ब्लेंडरचं एकच व्हर्जन ठेवा, प्रोजेक्ट शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि आउटपुट व्हिडिओऐवजी इमेजेसमध्ये घ्या. मग एखादं मशीन मध्येच बंद पडलं तरी झालेल्या फ्रेम्स वाया जात नाहीत.

आपल्या रेंडरमध्ये एक फ्रेम दुसरीवर अवलंबून नसते, त्यामुळे हे काम सोपं आहे. रिचर्डसन यांच्या गणितात मात्र प्रत्येक चौकोनाला शेजाऱ्याचं उत्तर लागायचं. म्हणजे त्यांनी अवघड पेपर आधी सोडवायला घेतला होता.