आचारी ऑग्युस्त एस्कॉफिए

फ्रेंच जेवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काटे-चमचे आणि जिभेला न वळणारी नावे येतात. पण त्या जेवणाला आजची शिस्त लावणारा माणूस एका लोहाराचा मुलगा होता!

ऑग्युस्त एस्कॉफिए यांचा जन्म १८४६ साली दक्षिण फ्रान्समधील विल्नव-लुबे या खेड्यात झाला. त्यांना शिल्पकार व्हायचे होते; पण तेराव्या वर्षीच त्यांना नीस शहरात काकांच्या खाणावळीत कामाला लावले. काका मारकुटे होते. शेगडीच्या झळांपासून चेहरा दूर राहावा म्हणून हा बुटका मुलगा उंच टाचांचे बूट घाली. त्या काळचे मुदपाकखाने म्हणजे धूर, दारू आणि शिवीगाळ.

माझे वडील लग्नसराईत आचारी म्हणून जातात. पाचशे पानांचा भात ते नुसत्या अंदाजाने बिनचूक उतरवतात, पण पंगत उठल्यावर त्यांचे नाव कोणी विचारीत नाही. कॉलेजच्या अर्जात व्यवसायापुढे शेतमजुरी लिही, असे त्यांनीच मला सांगितले. म्हणून एस्कॉफिए यांचे पुढचे काम मला त्यांच्या पाककृतींहून मोठे वाटते.

१८९० मध्ये सीझर रिट्झ यांच्यासोबत ते लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आले. तिथे त्यांनी आरडाओरडा बंद केला, दारूऐवजी जवाचे पाणी ठेवले. रस्सा एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, मासे तिसऱ्याकडे अशी फौजेसारखी कामे वाटली. १८७०च्या युद्धात ते लष्करात आचारी होते, तिथली शिस्त त्यांना ठाऊक होती.

जुन्या फ्रेंच मेजवानीत बरेच पदार्थ एकदमच मांडीत. आपल्या ताटासारखेच म्हणा ना! ते निवून जात. एकामागून एक गरम पदार्थ वाढण्याची रशियन रीत एस्कॉफिए यांनी पक्की केली. म्हणून तिकडे गेलेल्या पाहुण्याने पहिल्याच पदार्थावर पोट भरू नये. मुख्य पदार्थानंतर चीज येते आणि गोड अगदी शेवटी. पाव मात्र ताटाशेजारी मेजावरच ठेवतात आणि भाकरीसारखा हाताने मोडून खातात, हे वाचून मला बरे वाटले.

१८९८ साली हिशेबातील गैरव्यवहारावरून रिट्झ आणि त्यांना सॅव्हॉयने काढले. पुरवठादारांकडून दलाली घेतल्याचे त्यांनी पुढे लेखी कबूल केले. हे झाकून त्यांचे चरित्र सांगणे मला पटत नाही. त्यानंतर कार्लटन हॉटेलात त्यांनी पुन्हा नाव कमावले. १९०३ मध्ये त्यांचा पाच हजारांवर पाककृतींचा ग्रंथ निघाला. गायिका नेली मेल्बा यांच्या नावाचा पीच मेल्बा हा गोड पदार्थही त्यांचाच.

फ्रान्स सरकारने या आचाऱ्याला लीजन ऑफ ऑनर हा आपला मोठा सन्मान दिला. फेब्रुवारी १९३५ मध्ये, पत्नीच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, ते माँटे कार्लो येथे वारले. विल्नव-लुबेतील त्यांच्या जन्मघरात १९६६ पासून पाककलेचे संग्रहालय आहे.