खेड्यांना गुरुजी देणारे कर्मवीर

या स्मरणिकेत प्रतिवर्षी आपल्या ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात. यंदा संपादक मंडळाने आम्हांस लेखाविषयी आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दाम ज्ञातीबाहेरील एका थोर पुरुषाचे चरित्र निवडले. तसे का केले, हे लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानी येईलच.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव सांगलीकडील ऐतवडे बुद्रुक. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले व तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. अभ्यासात त्यांची गती बेताचीच होती. मॅट्रिकची पायरी त्यांनी कधीच ओलांडली नाही. ज्याने पुढे हजारो शिक्षक घडविले, तो पुरुष परीक्षेच्या मापाने अपुराच होता, ही गोष्ट आमच्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या मास्तरास मोठा धीर देते.

विद्यार्थीदशेतच एक प्रसंग घडला. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करूनच आत यावे, असा त्यांना हुकूम झाला. त्यांनी तो मानला नाही. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाखाली ते राहिले. महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभारण्यास उदार साह्य केले होते. त्या काळी ती गरजही होती. कारण प्रत्येक समाज आपल्या मुलांसाठी प्रथम हात पुढे करू शकत होता. परंतु आपल्याच ज्ञातीच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेल्या या तरुणाने पुढचे पाऊल मनाशी नक्की केले : सर्व जातींची मुले एका छपराखाली राहतील, एका पंक्तीस जेवतील.

मधल्या काळात त्यांनी नोकऱ्या केल्या. ओगले यांच्या काचकारखान्याचा माल व किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांना खेडे जवळून दिसले. शेतकऱ्याच्या घरी नांगर पोहोचला, तरी त्याच्या मुलास अक्षर पोहोचले नव्हते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुले स्वतः दळीत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांची आई होऊन आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील, त्यांच्या अन्नासाठी दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. या माउलीचे ऋण शब्दांनी फिटणारे नव्हे.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. वसतिगृहात फार तर काही शेकडा मुले येणार. खेड्यांतील लाखो मुलांचे काय? शाळा काढावी, तर शिक्षक कोठून आणावा? शहरात शिकलेला मास्तर खेड्यात टिकत नसे. टिकला तरी त्याचे मन बदलीच्या हुकुमाकडे लागलेले असे. यावर भाऊरावांनी मुळाशी जाणारा उपाय योजिला. १९३५ साली त्यांनी साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. नाव इंग्रजी व राजनिष्ठ भासले, तरी काम अस्सल रयतेचे होते. खेड्यातील मुलगा घ्यावा, त्याच्या हातचे कष्ट न सोडविता त्यास अध्यापनाची विद्या द्यावी आणि पुन्हा खेड्यातच पाठवावे, असा हा मार्ग होता. १९४२ साली स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले आणि १९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन उभे राहिले.

जेथे शाळा नाही अशा खेड्यांत संस्थेने व्हॉलंटरी शाळा उघडल्या. कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे चावडीत वर्ग भरू लागले. या शाळांची संख्या वाढत वाढत ५७८ वर गेली. पुढे त्या सरकारी व्यवस्थेकडे सोपविण्यात आल्या. इमारतीवाचून शाळा चालते, पण गुरुजींवाचून चालत नाही, हे या शाळांनी सिद्ध केले.

या कार्याचे एक फळ आम्ही स्वतः चाखले आहे. आमचे बालपण वैजापूर तालुक्यातील एका लहान गावी गेले. निजामी राजवटीत मराठवाड्यात मराठी शाळा विरळा, आणि माध्यमिक शिक्षण उर्दूतून. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, खेड्यापाड्यांत शाळा निघू लागल्या, तेव्हा बाहेरगावचे जे शिक्षक इकडे आले, त्यांत आमचे गुरुजी होते. ते साताऱ्यास भाऊरावांच्या हाताखाली तयार झालेले. १९७७ साली आम्ही अध्यापक विद्यालयातून बाहेर पडून कन्नडच्या डोंगरभागात एकशिक्षकी शाळेवर रुजू झालो. एका खोलीत चार इयत्ता! आम्हांस शिकविले होते एका वर्गाला एक पाठ देण्याचे. एकीकडे वळावे तो दुसरीकडे गोंगाट. दोन महिन्यांत आमचा हात छडीकडे वारंवार जाऊ लागला. आज ते सांगतानाही लाज वाटते. राजीनाम्याचा कागद लिहून ठेविला होता.

गुरुजी नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना पत्र टाकले. ते एस. टी.ने व पुढे पायी आले आणि आठ दिवस राहिले. पहिला दिवस ते मागे बसून केवळ पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शिकविले : एका इयत्तेस तोंडी हिशेब, दुसरीस पाटीवर लेखन, तिसरीस वाचन, आणि चौथीची मुले पहिलीच्या मुलांजवळ बसून चिंचोक्यांवर अंक मोजून घेत होती. गोष्ट मात्र चारही इयत्तांना एकच. सायंकाळी ते आमच्या चुका एकांतात सांगत, मुलांसमोर कधीही नाही. मग जी मुले गैरहजर, त्यांच्या घरी आम्हांस घेऊन जात. छडी त्यांनी मोडली नाही की निषेधही केला नाही. आठव्या दिवशी ती आमची आम्हीच चुलीत घातली. राजीनामा दिला गेला नाही आणि पुढे अडतीस वर्षे आम्ही शिकवीत राहिलो. गुरुजींनी आमची जात त्या आठ दिवसांत किंवा नंतरही विचारली नाही. आम्हीही त्यांची विचारली नाही.

भाऊरावांच्या कार्याचा विस्तार अशाच साखळीने झाला. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील संस्थेच्याच सेवेत परतले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी हा कर्मयोगी अनंतात विलीन झाला. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी भूमीस टेकली की तीच खोड होते. शिकलेला शिक्षक दुसऱ्यास शिकवू लागला की तेच घडते.

आज साधने वाढली आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षास ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे सुचविले आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात, भ्रमणध्वनीवरही प्रशिक्षण मिळते. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु डोंगरातील नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून, सायंकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलणारा वडीलधारा कोण? ते काम पत्रकाने होत नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या संघात आमच्यासारखे निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात एकदोन शिक्षकी शाळाही आहेत. ज्यांची प्रकृती साथ देते, अशा प्रत्येकाने एका नव्या शिक्षकाच्या शाळेवर, रीतसर परवानगी घेऊन, वर्षातून आठ दिवस जावे. प्रवासखर्च संघाच्या शिक्षणनिधीतून द्यावा. मात्र तो शिक्षक आपल्या ज्ञातीचा आहे काय, हे विचारू नये. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही सूचना काहींना विचित्र वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. पण एका ज्ञातीच्या वसतिगृहाने ज्या मुलास बाहेर जाऊ दिले, तो साऱ्या रयतेचा झाला. आपण आपले दार आतून उघडावे, इतकीच प्रार्थना. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावयास आम्ही उभे राहू, आणि पहिले आठ दिवस आमचे धरावेत.