शियाली रामामृत रंगनाथन

शियाली रामामृत रंगनाथन (१८९२ – २७ सप्टेंबर १९७२) हे भारतीय गणितज्ञ व ग्रंथालयशास्त्रज्ञ होते. त्यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाते. त्यांचा जन्म तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाली येथे झाला.

गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी हे काम त्यांना कंटाळवाणे वाटले व अध्यापनाकडे परतण्याची त्यांची इच्छा होती. परंतु लंडनमधील प्रशिक्षणकाळात ग्रंथालयांचे सामाजिक मोल त्यांना उमगले आणि त्यांनी हेच जीवनकार्य मानले. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे (१९३१) व द्विबिंदू वर्गीकरण पद्धती (१९३३) ही त्यांची प्रमुख निर्मिती होय.

या शास्त्रातील अध्यापन व संशोधनाला कायमचा आधार मिळावा, म्हणून त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून १ लाख रुपये मद्रास विद्यापीठास दिले. त्यातून त्यांच्या पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. पुढे शारदा रंगनाथन यांच्याच नावाने स्वतंत्र न्यास स्थापून आपल्या ग्रंथांचे हक्कही त्यांनी त्यास अर्पण केले.

१९५७ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.