आर्ची जॅक्सन

रविवारचा मिस्सा आटोपतांच ज्यांचे पाय आपसुक मैदानाकडे वळतात, त्या आपल्या धर्मग्रामांतील तरुणांसाठीं हें चरित्र मुख्यत्वें लिहीत आहें. चरित्रनायक कोणी संत नव्हे. तो ऑस्ट्रेलियाचा एक क्रिकेटपटू होता, आणि अवघ्या २३व्या वर्षीं तो क्षयानें वारला.

आर्चिबाल्ड जॅक्सन याचा जन्म ५ सप्टेंबर १९०९ रोजीं स्कॉटलंडांत, ग्लासगोजवळील रदरग्लेन गांवीं झाला. तो लहान असतांनाच त्याचें कुटुंब सिडनीस गेलें व बालमेन ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तींत राहूं लागलें. १७व्या वर्षीं तो न्यू साउथ वेल्सकडून खेळला. फेब्रुवारी १९२९ मध्यें ॲडलेड येथें इंग्लंडविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यांत तो सलामीस गेला. बघतां बघतां समोरचे तीन गडी परतले; धावा झाल्या होत्या केवळ १९. अशा वेळीं ह्या पोरसवदा फलंदाजानें १६४ धावा काढल्या. तोंवर इतक्या कोवळ्या वयांत कसोटी शतक कोणींच केलें नव्हतें. त्याच्या खेळांतील डौल पाहून पुष्कळ जाणते लोक त्याला ब्रॅडमनच्याहि वर बसवीत. पुढें १९३० सालीं लंडनच्या ओव्हल मैदानावर ब्रॅडमनबरोबर त्यानें २४३ धावांची भागी केली, ती हेरॉल्ड लारवुडचे उसळते चेंडू अंगावर सोशीत.

१९३१ च्या अखेरीस ब्रिस्बेन येथें एका सामन्याच्या तोंडावर खोकल्यांतून रक्त पडून तो कोसळला. आज नियमित औषधांनीं बरा होणारा हा रोग त्या काळीं बहुधा मृत्यूचेंच बोलावणें असे. कॉकनें १८८२ मध्यें क्षयाचा जंतु ओळखला होता, पण त्यावरील पहिलें गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ पर्यंत सांपडावयाचें नव्हतें. विश्रांति, मोकळी हवा आणि सकस अन्न, एवढाच काय तो उपचार. जॅक्सनला सिडनीजवळच्या ब्लू मौंटन डोंगरांतील आरोग्यधामांत ठेवण्यांत आलें.

तेथें त्याचें मन रमेना. १९३२ मध्यें तो ब्रिस्बेनला गेला. तेथील हवा उबदार होती, आणि जिच्याशीं विवाह करावयाची त्याची इच्छा होती ती तरुणीहि त्याच शहरांत होती. डॉक्टरांचा सल्ला बाजूस सारून तो तेथील एका क्लबकडून खेळूं लागला. ह्याचें समर्थन मी करणार नाहीं. शरीर ही ईश्वराची ठेव आहे, शिवाय क्षय हा सांसर्गिक रोग. परंतु निव्वळ हट्ट म्हणून त्याला दोष देणेंहि मला जड जातें. पडून राहून तो वांचला असता, असें कोण सांगेल?

त्याच हंगामांत इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियांत आला. लारवुड फलंदाजांच्या अंगावर रोखून चेंडू टाकीत होता, आणि साऱ्या देशांत संतापाची लाट उसळली होती. जॅक्सन मात्र रुग्णशय्येवरून त्या सामन्यांची वार्ता ऐके, आणि प्रतिपक्षाचा असूनहि लारवुडच्या कौशल्याचें त्याला कौतुक वाटे. चौथा सामना ब्रिस्बेनलाच होता. घशाच्या विकारानें रुग्णालयांत पडलेला इंग्लंडचा एडी पेंटर अंथरुणांतून उठून आला आणि ८३ धावा काढून गेला. लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें, तें योग्यच झालें. त्याच शहरांत दुसऱ्या एका खाटेवर जॅक्सनचे अखेरचे दिवस चालले होते. त्यानें लारवुडला त्याच्या गोलंदाजीबद्दल अभिनंदनाची तार धाडली.

१६ फेब्रुवारी १९३३ रोजीं त्याचा प्राण गेला. त्याच दिवशीं पेंटरच्या षटकारानें इंग्लंडनें सामना व मालिका जिंकली. सिडनी येथें जॅक्सनची शवपेटी सहा कसोटीपटूंनीं वाहिली. त्यांत कर्णधार वुडफुल होता आणि ब्रॅडमनहि होता. आठ कसोटी सामने आणि ४७४ धावा, एवढीच त्याची नोंद राहिली.

लारवुड पुढें १९५० मध्यें सहकुटुंब ऑस्ट्रेलियांतच येऊन राहिला. ती तार त्यानें जपून ठेवली होती.